सूर्य मावळल्यावरचं सोलर

सगळा घोळ माझ्या उत्साहाने झाला. ऑफिसातल्या ग्रुपमध्ये मी दणक्यात जाहीर केलं, ‘मामाच्या गावच्या वाचनालयाला आपण सोलर द्यायचं!’ तीन किलोवॅटचं, थेट आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आहे तसं. वर्गणीही जमायला लागली. म्हटलं, एकदा जागा तरी बघून येऊ. शनिवारी सकाळीच नगर रोड धरला, रांजणगावच्या महागणपतीला गाडीतूनच हात जोडले आणि निमोण्यात पोचले.

चहाचा कप हातात देत मामांनी विचारलं, “लाईट गेल्यावर चालंल ना गं ते?”

“मामा, ते सूर्यावर चालतं!” मी तोऱ्यात म्हणाले. आणि जीभ चावली. लाईट गेली की आमच्या सोसायटीचं सोलरही बंद पडतं. ग्रिडला जोडलेली, बॅटरी नसलेली सिस्टीम मुद्दामच तशी बनवतात. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्याच गच्चीवरची वीज झटका द्यायची.

वाचनालयात गेले तर आणखी एक धक्का. अभ्यासाला बसणारी पोरं दिवसा एमआयडीसीत नाहीतर रानात. “ताई, आम्ही साडेसहानंतरच येतो,” भरतीची तयारी करणारी एक मुलगी म्हणाली. म्हणजे गिऱ्हाईक रात्रीचं आणि माझा माल दुपारचा!

शेजारच्या पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीला, २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला सुरुवातीचा प्रकल्प झाला. तिथलं गणित सरळ आहे. पंपाला वीज दिवसा मिळाली तर शेतकऱ्याला हवीच आहे. पुस्तकाचं तसं नाही ना!

मग ठरवलं, आधी टेस्ट. ओळखीच्या एकाकडून ५०० वॅटचं पॅनेल, १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी आणि इन्व्हर्टर दोन दिवसांसाठी मागून आणला. आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे याचे दोन. बॅटरीत मावतात १.८ युनिट, पण ती टिकवायची तर रोज निम्मीच वापरायची.

संध्याकाळी साडेसहाला मामांनी मेन स्विच पाडला. २० वॅटच्या पाच एलईडी ट्यूब आणि ७५ वॅटचे तीन पंखे, एकूण ३२५ वॅट. पोरं खूश, मी तर हवेतच. साडेनऊला इन्व्हर्टर चीं चीं करायला लागला आणि ती मुलगी काही न बोलता वही मिटायला लागली. खरं सांगते, तो क्षण लागला मला.

रात्रभर डोक्यात एकच, बॅटरी वाढवायची की खर्च कमी करायचा? रविवारी दुपारी शिरूरहून ३० वॅटचे तीन बीएलडीसी पंखे आणले. वारा जवळपास तितकाच आणि एकूण लोड १९० वॅट. पुन्हा मेन स्विच पाडला. साडेनऊ वाजले. दहा वाजले. साडेदहाला मीच म्हटलं, “आता घरी जा रे!” तरी दोघं हलेनात.

वर्गणीच्या ग्रुपवर मग कबुली दिली, ‘दोस्तांनो, तीन किलोवॅट कॅन्सल.’ २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं ७८ हजारांपर्यंतचं अनुदान घरांसाठी आहे, वाचनालयाला ते लागू नाही. म्हणजे पैसा आपलाच, मग तो नीट वापरायला नको? छोटं पॅनेल, दोन बॅटऱ्या म्हणजे पावसाळी दिवसांतही थोडा आधार आणि काही वर्षांनी बॅटऱ्या बदलायला बँकेत बाजूला ठेवलेली रक्कम. ही शेवटची गोष्ट फोटोत दिसत नाही, म्हणूनच बहुतेक देणगीदार ती विसरतात.

२००६ मध्ये कंपन्यांच्या जनरेटरची वीज वापरून पुण्याने भारनियमन टाळलं, तेव्हा मामा मेणबत्तीवर हिशेब लिहायचे. परवा निघताना ते एवढंच म्हणाले, “पोरी, देणाऱ्यानं एकदा रात्रीचं येऊन बघावं.”

तुम्हीही कुठे सोलर देणार असाल, तर आधी तिथे संध्याकाळी जा. मेन स्विच पाडा. आणि घड्याळ लावून बसा.