विजेची साक्ष आणि सरस्वतीचे पात्र

देवालयांच्या सभामंडपांत सरस्वती नदीवर व्याख्यान झाले, की एक वाक्य हटकून कानी पडते: ‘आता विजेच्या यंत्रानेच सरस्वती सिद्ध केली आहे!’ लागलीच टाळ्या. आपले पूर्वज सरस्वतीतीराहून गोमंतकात आले, ही परंपरा आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरांत सांगितली जाते; त्या टाळ्यांमागील जिव्हाळा आम्हांस परका नाही. परंतु उमेदीची वर्षे उलटतपासणीत घालविल्यामुळे आम्हांस एक खोड जडली आहे. साक्षीदार काय बोलला आणि वकिलाने त्याच्या तोंडी काय घातले, हे आम्ही वेगळे करून पाहतो.

हा साक्षीदार बोलतो तरी काय? जमिनीत एका रेषेत धातूच्या चार खुंट्या ठोकतात. बाहेरच्या दोहोंतून वीज सोडावयाची, आतल्या दोहोंमधील दाब मोजावयाचा. बाहेरच्या खुंट्या दूर न्याव्यात तसतशी अधिक खोलवरची वार्ता मिळते. ओली चिकणमाती विजेला सहज वाट देते, कोरडी वाळू अडविते. गोड्या पाण्याची वाळू या दोहोंच्या मध्ये बसते. पण त्याच वाळूत खारे पाणी शिरले, की ती चिकणमातीचे सोंग घेते! म्हणजे यंत्र देते तो रोधकतेचा आकडा; थर हा त्यावरून केलेला तर्क होय. इंग्लंडात ॲटकिन्सन यांनी १९४६ साली डॉर्चेस्टर येथे हीच विद्या पुरातत्त्वाच्या कामी लावली होती. तेव्हा यंत्राच्या नवलाईने दिपून जाण्याचेही कारण नाही.

कानपूरच्या आयआयटीचे राजीव सिन्हा व त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली घग्गरच्या खोऱ्यातील अशी मापने प्रसिद्ध केली. कालीबंगनच्या परिसरात जमिनीखाली वाळूचा जाड, विस्तीर्ण पट्टा असल्याचे त्यांतून दिसले. आजच्या पावसाळी घग्गरची ही करणी नव्हे, येथे कधीकाळी मोठी नदी वाहिली, हे अनुमान रास्त आहे. पण कधीकाळी म्हणजे केव्हा? येथे यंत्र मुके होते.

उत्तरासाठी विंधणे घेऊन वाळूच्या कणांचे वय काढावे लागले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांप्रमाणे येथून वाहणारी सतलज सुमारे ८,००० वर्षांपूर्वीपर्यंत हे पात्र पुरते सोडून गेली होती. हडप्पा संस्कृतीची नगरे सोडलेल्या पात्राकाठी त्यानंतर हजारो वर्षांनी भरभराटली. या संशोधकांतही सिन्हा होतेच. आमच्या वक्त्यांना २०१३ चे सिन्हा पाठ आहेत, २०१७ चे आठवत नाहीत! उलट, २०१९ साली दुसऱ्या संशोधकांनी गाळाचे मूळ तपासून नदी सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीपर्यंत बारमाही होती, असे प्रतिपादिले. वाद चालू आहे. २०१७ चा कागद फडकावून सरस्वतीला कविकल्पना ठरविणारे पंडितही म्हणूनच तितकेच उतावळे होत. नदीचे नाव तर वाळूत कोरलेले नसते. त्यासाठी वेदवाङ्मयाची साक्ष स्वतंत्रपणे काढावी लागेल.

पुढील उत्सवात कोणी तो रंगीत नकाशा पडद्यावर दाखविला, तर श्रोत्यांनी टाळीपूर्वी विचारावे: विंधण कोठे घेतले? पाणी गोडे की खारे? वाळूचे वय कोणी, कसे काढले? व्यवस्थापक मंडळी रागावतील. खुशाल रागावोत.