आधी खिशातला हात काढा

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. भिवंडीजवळच्या एका गोदामात माल भरण्या-उतरवण्याचं काम करतो. ठेकेदाराकडून पगार मिळतो, महिन्याला 12,600 रुपये. पगाराची चिठ्ठी मोबाइलवर दाखवत त्याने विचारलं, "सर, ये पी.टी. क्या है? हमको तो पी.टी. का मतलब मैदान में कवायत मालूम है." मी हसलो. मग समजावलं की पी.टी. म्हणजे व्यवसाय कर. राज्य सरकारचा. दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500.

त्याने पुढचा प्रश्न विचारला. "आपका कितना कटता है, सर?"

मी गप्प झालो. कारण माझेही 200 च कापले जातात.

हिशोब मांडून पाहा. त्याचा पगार 26 दिवसांनी भागला तर दिवसाची मजुरी 485 रुपयांच्या आसपास येते. म्हणजे वर्षातले पाच दिवस तो या करासाठी राबतो. माझ्यासारख्या 75,000 रुपये पगाराच्या मास्तरला तोच कर एका दिवसाच्या पगारात फिटतो. अडीच लाख पगार घेणाऱ्या साहेबाचा तर त्या दिवशी सकाळचा चहा झाला की कर वसूल! 2025 च्या अर्थसंकल्पानंतर नव्या करप्रणालीत वर्षाला 12 लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला आयकर भरावा लागत नाही. महिना लाख कमावणारा दिल्लीला शून्य देतो आणि 12,600 कमावणारा हमाल मुंबईला 2,500 देतो. याला कोणी करव्यवस्था म्हणत असेल तर म्हणो, मी इन्साफ म्हणणार नाही.

या कराचा जन्म मात्र चांगल्या नीयतीतून झाला, हे सांगायला हवं. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राची खेडी होरपळली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिला पैसा हवा म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने थोडं द्यावं आणि खेड्यातल्या बेकाराला काम मिळावं, हा तो करार होता. त्या काळी महिन्याचा बांधलेला पगार म्हणजे सुस्थितीची खूण होती. आज ठेकेदाराच्या हाताखालचा हमालही पगारदार आहे. पुरुषांसाठी सूट संपते ती 7,500 रुपयांवर, आणि ही मर्यादा 2014 पासून जागची हललेली नाही. वरची 2,500 ची कमाल मर्यादा राज्यघटनेच्या 276 व्या कलमात 1988 साली बांधली, तीही तशीच आहे. म्हणजे महागाईने गरिबाला जाळ्यात ओढलं आणि श्रीमंताचं ओझं हलकं केलं. कायद्यातलं एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

आता याच सरकारांचा दुसरा हात पाहा. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत खासगी आस्थापनेत काम करणाऱ्या तरुणाला विद्यावेतन सरकार देतं. बारावीला 6,000, आयटीआय किंवा पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. काम मालकाचं, पैसा जनतेचा. केंद्राची नवी रोजगार योजना 99,446 कोटींची. तिच्यात नवा जादा कामगार ठेवणाऱ्या मालकाला दोन वर्षं पैसे मिळतात. 10,000 ते 20,000 पगाराच्या कामगारामागे महिना 2,000 रुपये. माझ्या विद्यार्थ्याच्या शेजारी उद्या असा नवा गडी उभा राहिला तर त्याच्या नावाने मालकाला 2,000 मिळतील आणि त्याच गड्याच्या पगारातून 200 कापले जातील. एका हाताने मजुराचा खिसा कापायचा आणि दुसऱ्या हाताने मालकाच्या खिशात टाकायचं, हा कुठला न्याय?

मजुरीत सरकारने भर घातली की मालक मजुरी वाढवायचं सोडून देतो. इंग्लंडात 1795 मध्ये बर्कशायरच्या न्यायाधीशांनी पावाच्या भावाप्रमाणे शेतमजुरांच्या मजुरीत धर्मादाय निधीतून भर घालायचं ठरवलं. हेतू दयेचा होता. पण मजुरी कमी दिली तरी बाकीची गावाच्या निधीतून भरली जाते, ही सवलत जमीनमालकांना मिळाली. मजूर मात्र कष्ट करूनही खैरातीवर जगणारा ठरला. 1834 मध्ये कायदा बदलला तेव्हा शिक्षाही त्यालाच झाली.

यावर कोणी म्हणेल, कर कमी केल्याने ज्याला पगारच नाही त्याला काय मिळणार? प्रश्न रास्त आहे. 2015 मध्ये ब्रिटनच्या सरकारने कमी पगारवाल्यांची मदत कापून त्याऐवजी आयकराची सूट वाढवायचा घाट घातला. ज्यांची कमाई आधीच करपात्र नव्हती, त्यांना वाढीव सूट काय कामाची? लॉर्ड्सच्या सभागृहाने अडवलं आणि सरकारला माघार घ्यावी लागली. म्हणून मी मदत बंद करा म्हणत नाही. विधवेला, अपंगाला, घरी बसून जरीकाम करणाऱ्या बाईला मदत मिळालीच पाहिजे. माझा विरोध आहे तो मालकाने द्यायची मजुरी सरकारने भरण्याला, आणि गरिबाकडून आधी घेऊन मग योजना म्हणून परत देण्याला.

22 सप्टेंबर 2025 ला वह्या-पेन्सिलींवरचा जीएसटी शून्य झाला आणि साबण 18 टक्क्यांवरून 5 वर आला. त्यासाठी कोणाला तहसीलदाराकडून उत्पन्नाचा दाखला आणावा लागला नाही, आधार-बँक जोडणीसाठी रांग लावावी लागली नाही, कोणत्या नेत्याच्या फोटोचं पोस्टरही बघावं लागलं नाही. कर कमी करण्यात ही इज्जत आहे. योजनेत माणूस लाभार्थी होतो. करकपातीत तो आपल्या कमाईचा मालक राहतो. पुढाऱ्यांना योजना अधिक आवडते त्याचं कारणही हेच असावं. न घेतलेल्या 200 रुपयांचे आभार कोण मानतो?

आमच्याकडे जकातीला निसाब असतो. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. त्याखाली ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून घ्यायचं नाही, उलट गरजू असेल तर त्याला द्यायचं. घेणारा आणि देणारा यांच्यातली ही रेघ मदरशातलं पोरही ओळखतं. मंत्रालयाला ती का दिसू नये?

दिसते, हेही खरं. 2023 मध्ये राज्याने महिलांसाठी व्यवसाय कराची सूट महिना 25,000 पर्यंत वाढवली. चांगलं केलं. तीच रेघ पुरुषांसाठीही ओढा. त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही. सोबत किमान वेतन ठेकेदाराकडून वसूल करून दाखवा. मग योजनांच्या गोष्टी करू.

विद्यार्थी जाताना म्हणाला, "सर, दो सौ में मेरी बच्ची की रिक्षा का एक हफ्ता निकल जाता." तो भीक मागत नव्हता. आपलेच पैसे मागत होता.