विश्लेषण : जाळे न टाकता कळतील का पूर्णा-गोदावरीतले मासे?

येलदरी असो की निम्न दुधना, पावसाळ्यात जलाशय भरू लागले की त्यात कटला, रोहू, मृगळ यांचे बोटुकली आकाराचे मत्स्यबीज सोडले जाते. मच्छीमार सहकारी संस्था ठेक्याची रक्कम भरतात आणि पुढे जाळ्यात काय येईल त्यावर वर्षाचा हिशेब बसतो. सरकारी नोंदीत येतात ते बीजाचे आकडे आणि बाजारात गेलेल्या माशांचे वजन. पण पाण्यात प्रत्यक्षात कोणकोणत्या जाती उरल्या आहेत? मरळ, वाम, शिवडा हे नदीचे मूळ रहिवासी अजून किती ठिकाणी टिकून आहेत? बंदी असलेला आफ्रिकन मांगूर कुठवर पोहोचला आहे? या प्रश्नांना आज ठोस उत्तर मिळणे कठीण आहे. ते शोधण्याचा एक मार्ग बाटलीभर पाण्यातून जातो. त्याचे नाव पर्यावरणीय डीएनए, म्हणजेच ‘ई-डीएनए’.

ई-डीएनए म्हणजे नेमके काय?

मासा पाण्यात राहतो तेव्हा त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर, विष्ठा, अंडी, झडलेले खवले यांतून त्याच्या पेशी सतत पाण्यात मिसळत असतात. प्रत्येक पेशीत त्या जातीची ओळख सांगणारा डीएनए असतो. मासा डोळ्यांना दिसला नाही तरी त्याची ही खूण काही काळ पाण्यात राहते. करोनाकाळात सांडपाण्याचे नमुने तपासून शहरातील संसर्गाचा अंदाज घेतला जात होता, ते अनेकांना आठवत असेल. तत्त्व तेच आहे. तिथे विषाणूची खूण शोधली, इथे माशाची शोधायची.

ही पद्धत तशी नवी नाही. २००८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी तळ्यांच्या पाण्यातून अमेरिकन बुलफ्रॉग या परक्या बेडकाचा माग काढला आणि मोठ्या प्राण्यांसाठीही हे तंत्र चालते हे दाखवून दिले. २०१५ मध्ये जपानमधील मासाकी मिया आणि सहकाऱ्यांनी माशांसाठी ‘मायफिश’ ही चाचणी तयार केली. ओकिनावाच्या मत्स्यालयात टाक्यांमध्ये कोणते मासे आहेत हे आधीच माहीत होते. त्या टाक्यांचे नुसते पाणी तपासून ९३ टक्क्यांहून अधिक जाती ओळखता आल्या.

तपासणी कशी होते?

ठरलेल्या ठिकाणाहून लिटर-दोन लिटर पाणी घेतात आणि अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळतात. गाळणीवर अडकलेला अंश अल्कोहोलमध्ये किंवा खास द्रावणात जपून प्रयोगशाळेत नेतात. तिथे डीएनए वेगळा करून पीसीआरने त्याच्या असंख्य प्रती काढल्या जातात. एकच जात शोधायची असेल, उदाहरणार्थ आफ्रिकन मांगूर, तर फक्त तिच्यापुरती चाचणी करता येते आणि ती तुलनेने सोपी पडते. सगळ्या माशांची यादी हवी असेल तर सुमारे १७० अक्षरांचा एक छोटा जनुकीय तुकडा वाचून तो संदर्भसंचातील नोंदींशी ताडून पाहतात. मात्र माशांसाठी बनवलेल्या चाचणीत झिंगे सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी चाचणी लागते.

परभणीत याची गरज का?

या जिल्ह्यातल्या नद्या आता सलग वाहणाऱ्या नद्या राहिलेल्या नाहीत. पूर्णेवर जिंतूर तालुक्यात येलदरी, त्याखाली हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर, दुधनेवर सेलूजवळ निम्न दुधना. गोदावरीवर ढालेगाव, मुद्गल, डिग्रस असे एकामागून एक बंधारे. पाणी अडले, शेतीला आणि गावांना आधार मिळाला, हे खरेच. पण पाण्याच्या वासावर वरच्या अंगाला जाऊन अंडी घालणाऱ्या माशाची वाट अडली, हेही तितकेच खरे. त्यात मराठवाड्याचा दुष्काळ. २०१६ सारख्या वर्षी नदीचे डोह आटतात तेव्हा उरलेल्या माशांचे काय होते, कोणत्या जाती पुढच्या पुरात परत येतात आणि कोणत्या कायमच्या जातात, याची नोंद कोण ठेवतो?

पूर्वीच्या अभ्यासकांनी येलदरीसारख्या जलाशयांतील माशांच्या याद्या केल्या आहेत. त्या जाळ्यात आलेल्या आणि बाजारात दिसलेल्या माशांवरून केलेल्या. जाळ्याच्या आसातून निसटणारा छोटा मासा, चिखलात दडणारी वाम, ज्याला भाव नाही म्हणून कुणी काठावर आणत नाही अशी जात यांची नोंद त्यात कमी पडते. तिथे ई-डीएनएची मदत होऊ शकते. बंधाऱ्याच्या वर आणि खाली एकाच दिवशी नमुने घेतले, तर कोणती जात एकाच बाजूला उरली आहे याचाही अंदाज येऊ शकतो.

परक्या माशांचे काय?

चिलापी १९५२ मध्ये भारतात आणला गेला. आज उजनीची ओळखच चिलापीवरून सांगितली जाते. आफ्रिकन मांगूर त्याहून घातक. हा मांसभक्षी मासा दूषित, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतो आणि स्थानिक मासे फस्त करतो. केंद्राने २००० मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली, राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये तीच भूमिका घेतली. पण बंदी कागदावर असते आणि पुरात फुटलेल्या शेततळ्यातला मासा ओढ्यातून थेट नदीत येतो. तो जाळ्यात भरपूर सापडू लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. संख्या कमी असतानाच खूण सापडली, तर निदान तो कुठून येतो हे शोधायला वेळ मिळेल.

मग पाणी तपासले की सगळे कळेल?

नाही, आणि हे आधीच स्पष्ट असलेले बरे. ई-डीएनए ‘कोण आहे’ हे सांगतो. ‘किती आहेत, केवढे आहेत, नर की मादी’ हे सांगत नाही. डीएनए जास्त सापडला म्हणजे मासे जास्त, असे सरळ गणित मांडता येत नाही. वाहत्या पाण्यात खूण वरच्या अंगाकडून कित्येक किलोमीटर वाहून येऊ शकते. उन्हाळ्याच्या तीव्र उन्हात ती लवकर नष्ट होते. पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात गाळणी तुंबते आणि मातीतले घटक चाचणी बिघडवतात. गंगाखेडच्या घाटाजवळ सापडलेली खूण नदीतल्या माशाची, की बाजारात धुतलेल्या माशाची? पाणपक्ष्याच्या विष्ठेतूनही ती येऊ शकते. त्यामुळे नमुन्याची जागा, वेळ आणि स्वच्छता यांना फार महत्त्व आहे. शुद्ध पाण्याची एक कोरी बाटलीही प्रत्येक वेळी सोबत तपासावी लागते. तिच्यात मासा ‘सापडला’, तर चूक नमुना घेणाऱ्याची किंवा प्रयोगशाळेची आहे हे उमगते.

अमेरिकेतील शिकागोचा अनुभव इथे बोलका आहे. २००९ मध्ये तिथल्या कालव्यात, मासे अडवण्यासाठी बसवलेल्या विद्युत अडथळ्याच्या पलीकडे, आशियाई कार्प माशांचा डीएनए सापडला. मासे मात्र हाती लागेनात. कुणी म्हणाले मासा आहे, कुणी म्हणाले खूण बाहेरून आली. २०१० मध्ये अडथळ्याच्या पलीकडच्या तलावात एक कार्प प्रत्यक्ष पकडला गेला, पण वाद मिटला नाही. यातून घ्यायचा धडा असा की ई-डीएनए हा इशारा समजावा, निकाल नव्हे. इशारा मिळाला की जाळे घेऊन खात्री करायची. पाण्याच्या एका अहवालावरून कुणा संस्थेचा ठेका रद्द करणे किंवा कुणावर कारवाई करणे चुकीचे ठरेल.

सर्वांत मोठी अडचण कोणती?

अडचण यंत्रांची कमी आणि संदर्भाची जास्त आहे. पाण्यातला तुकडा ताडून पाहायला त्या जातीची नोंद आधी संचात हवी. आपल्याकडच्या माशांच्या जनुकीय नोंदी अनेकदा वेगळ्या तुकड्याच्या आहेत. ‘मायफिश’ जो तुकडा वाचते त्याच्या नोंदी अपुऱ्या आहेत. नोंद नसेल तर गोदावरीतला मासा दुसऱ्याच जवळच्या जातीच्या नावावर चढतो, नाही तर ‘अज्ञात’ राहतो. म्हणून आधी इथला प्रत्येक मासा हातात घेऊन ओळखणे, त्याचा नमुना जपणे आणि त्याचा डीएनए नोंदवणे आवश्यक आहे. आणि मासा हातात घेऊन ओळखणारी सर्वांत अनुभवी माणसे विद्यापीठात नव्हे, नदीकाठच्या भोईवाड्यांत आहेत.

परभणीत हे शक्य आहे का?

आहे. हैदराबादच्या सीसीएमबीतील जी. उमापती यांच्या गटाने ओडिशाच्या चिल्का सरोवरात पाण्यातील डीएनएवरून संपूर्ण जैवविविधतेचा वेध घेणारी पद्धत विकसित केली आहे. म्हणजे कौशल्य परदेशातून आणावे लागणार नाही, ते शेजारच्या राज्यात आहे. परभणीत कृषी विद्यापीठ आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय, उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. नमुने घ्यायला आणि जपायला एवढे जाळे पुरेसे आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार ग्रामपंचायतींच्या समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तिच्यात नदीतल्या माशांची स्थानिक नावे आणि त्यासमोर डीएनएची नोंद असे पान का असू नये?

सुरुवात मोठी नको. येलदरी, निम्न दुधना, पूर्णा-गोदावरी संगम आणि गोदावरीवरचे दोन बंधारे, एवढीच ठिकाणे. पाणी निवळल्यावर हिवाळ्यात एकदा आणि डोह आटण्याआधी उन्हाळ्यात एकदा नमुने. त्याच दिवशी मच्छीमारांच्या जाळ्यात आलेल्या माशांची यादी. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की तंत्र कुठे खरे ठरते आणि कुठे फसते, ते कळेल. या कामासाठी मच्छीमारांना मानधन द्यावे आणि निष्कर्ष मराठीत संस्थांपर्यंत पोहोचवावेत. नाही तर अहवाल कपाटात आणि मासे इतिहासात, असे व्हायचे.

धरणात किती दशलक्ष घनमीटर पाणी आहे हे आपल्याला रोज सकाळी कळते. त्या पाण्यात जिवंत काय आहे, हे वर्षातून दोनदा तरी विचारायला हवे. पुढच्या हंगामात बीज सोडण्याआधी पाण्याच्या पाच बाटल्या भरल्या, तरी त्याची सुरुवात होईल.