'द सुसाइड स्क्वाड': हसलो खरा, पण...

जेम्स गनचा २०२१ सालचा 'द सुसाइड स्क्वाड' मी आत्तापर्यंत तीनदा पाहिलाय. (२०१६ चा, 'द' नसलेला, तो वेगळा. तो एकदाच पाहिला, पुरे झाला.) पुढे बरीच गोष्ट फुटणार आहे, तेव्हा पाहिला नसेल तर आधी पाहून या. पोरंटोरं झोपल्यावर.

मामला साधा आहे. तुरुंगातल्या खलनायकांच्या डोक्यात बॉम्ब बसवायचा आणि शिक्षेत सूट देतो म्हणून त्यांना मरायला पाठवायचं. पाठवणारी अमांडा वॉलर (व्हायोला डेव्हिस, जबरदस्त!). या वेळचं ठिकाण म्हणजे कोर्टो माल्टीज हे काल्पनिक बेट. तिथली एक प्रयोगशाळा उडवायची.

सुपरहिरोंच्या पिक्चरमध्ये कोणी मरत नाही हे आपल्याला पाठ झालेलं असतं. गन सुरुवातीलाच तो विश्वास मोडतो. मायकल रूकरचा सॅव्हंट हाच हिरो असं वाटायला लावतो आणि दहा-बारा मिनिटांत जवळजवळ अख्खी टीम किनाऱ्यावर कापून काढतो. सॅव्हंट पळतो, वॉलर त्याचं डोकं उडवते. ती टीम निव्वळ आमिष होती, खरी टीम दुसरीकडून उतरलेली असते. इकडे वॉलरच्या ऑफिसातली मंडळी कोण मरणार यावर पैजा लावतायत. (आमच्याकडे रिलीजच्या आधी कोण राजीनामा देणार यावर लागतात. असो.)

यानंतर शेवटपर्यंत खरंच धाकधूक राहते. आणि पात्रं तरी कसली? उंदरांना हाक मारणारी रॅटकॅचर, अंगातून रंगीत ठिपके फेकणारा पोल्का-डॉट मॅन. प्रत्येक शत्रूत त्याला स्वतःची आई दिसते. हसता हसता त्याची दया यायला लागते. हे गनला फार छान जमतं.

आता माझं दुखणं. रिक फ्लॅगला सोडवायला ब्लडस्पोर्ट आणि पीसमेकर (इड्रिस एल्बा, जॉन सीना) रात्री जंगलातल्या एका तळावर शिरतात. दोघांची चुरस लागते, कोण जास्त ऐटीत माणूस मारतो. एक गळा चिरतो, तर दुसरा त्याहून भन्नाट काहीतरी करतो. मी खदाखदा हसलो. मग तंबूत पोचल्यावर कळतं की फ्लॅग मजेत बसलाय, आणि बाहेर मेलेले सगळे तिथल्या हुकूमशहाविरुद्ध लढणारे बंडखोर होते. म्हणजे आपलेच!

इथपर्यंत विनोद धारदार आहे. परदेशात घुसून आधी गोळ्या आणि मग चौकशी, या अमेरिकन सवयीवर याहून नेमकी टीका सापडणं कठीण. पण पुढे काय? बंडखोरांची म्होरकी सोल सोरिया चिडते, आणि थोड्याच वेळात मदतीला तयार! मेलेल्यांना ना नाव, ना कोणी रडणारं. पुढे उघड होतं की त्या प्रयोगशाळेमागे अमेरिकाच होती आणि बेटावरच्या माणसांवर तिथे भयानक प्रयोग झालेत. त्याचा पुरावा जगापुढे आणायला निघालेल्या फ्लॅगला पीसमेकर मारतो. हा प्रसंग गन सावकाश, चेहऱ्यांवर रेंगाळत दाखवतो, आणि आपल्याला तो लागतो. अहो, पण त्याच पीसमेकरने तळावर जे केलं ते काय होतं?

शेवटी स्टारो शहरात सुटतो, आणि वॉलर टीमला म्हणते परत फिरा. ती टीम माघारी जाऊन त्या लोकांसाठी लढते, पैजा लावणारेच वॉलरला गोल्फच्या काठीने आडवी करतात. मी टाळ्या वाजवल्या. पण हा पिक्चर स्वतः कोर्टो माल्टीजच्या लोकांकडे वॉलरच्याच नजरेने बघतो, हे तिसऱ्यांदा पाहताना फारच खुपलं.

श्रेयनामावलीत थांबून बघा. सत्तावीस मुलं मारलेला तो बुडालेला वीझल पुन्हा उठून चालू लागतो. त्याची आठवण गनने ठेवली. तळावरच्यांची नाही.