मदतपथके कशाला, याचे उत्तर



‘शेजारी देश आपसांत लढले, तर आपण मदतपथके कशाला पाठवायची? त्याने युद्ध थोडेच थांबते?’ असे विचारणारे पत्र वाचून वाईट वाटले.

जपानने १९३७ मध्ये चीनवर चढाई केली. पुढच्याच वर्षी काँग्रेसने ५ डॉक्टर तिकडे धाडले. देश पारतंत्र्यात, तिजोरी इंग्रजांच्या हाती. पैसा लोकवर्गणीतून उभा राहिला. त्या पाचांत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस परतलेच नाहीत. जखमींवर शस्त्रक्रिया करता करता ते बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी, तिथेच वारले. युद्ध १९४५ पर्यंत चाललेच. मग त्यांनी वाचवलेले जीव फुकट गेले का? लढाई थांबवणे राज्यकर्त्यांचे काम. त्याचा जाब जखमा बांधणाऱ्याला विचारू नये.

औषधे सीमेवर अडकतात, हा पत्रलेखकाचा मुद्दा मात्र रास्त आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारांत त्यांना वाट देण्याची तरतूद आहे आणि भारताने ते १९५० मध्ये स्वीकारले आहेत. ती तरतूद पाळली जावी यासाठी सरकारने आवाज उठवावा, असे आपण आपल्या खासदारांना लिहू या.

– एक वाचक, नालवाडी (जि. वर्धा)