काजूखालचं गवत

मा. कुलगुरू,
डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली
यांस,

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत शेजारच्या सड्यावरून वणवा आला आणि माझी मोहोरलेली काजूची बाग एका दुपारीत होरपळली. गडगा होता, जाळरेषाही काढली होती. पण मजूर न मिळाल्याने बेणणी अर्धीच झालेली, आणि उरलेलं गवत कमरेएवढं वाळून उभं होतं.

पूर्वी एवढं गवत उरतच नसे. घरटी चार गुरं असत, ती वरकसात चरत. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा लागल्या, उघडे डोंगर काजू-आंब्याने झाकले गेले. चांगलंच झालं ते. मात्र बाग म्हटली की जनावराला बंदी, हेही तेव्हाच मनात पक्कं बसलं. आज गोठे रिकामे आहेत आणि गवत आम्ही पेट्रोल जाळून कापतो.

माझं मागणं एवढंच, की मोठ्या झाडांच्या बागेत शेळ्या-गुरं चारण्याचा प्रयोग विद्यापीठाने आमच्या बागांत येऊन करावा. वेंगुर्ला-४ काजूची कलमं तुम्हीच दिलीत. कोकण कन्याळ शेळीही आपल्याच मातीतली. या दोघांची गाठ माझ्या बागेत अजून पडलेली नाही.

अडचणी मी जाणतो. शेळी कोवळा पाला सोडत नाही, सालही कुरतडते. म्हणून नव्या कलमांत तिला नकोच. पालवी फुटली की ढेकण्या किडीवर फवारणी सुरू होते, आणि फवारलेल्या बागेत जनावर सोडता येत नाही. उरतो तो पाऊस ओसरल्यापासून दसऱ्यापर्यंतचा काळ. नेमकं तेव्हाच भात शेतात उभं असतं आणि गुरं न्यायची कुठे, हा घरोघरचा प्रश्न असतो. बागेत गवत तेव्हा हिरवं असतं. एकरी किती जनावरं, किती दिवस, झाडाची फांदी किती उंच गेल्यावर, हे मोजून सांगणारं मात्र कुणीतरी हवं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या केल्या. नवं कलम धरायला वर्षं लागतात. तोवर ज्याच्या दारात चार शेळ्या असतील, त्याला एखादी विकून मुलांची फी तरी भरता येते.

माझी वाचलेली सव्वा एकर बाग प्रयोगाला देतो. येत्या श्रावणाआधी कुणाला तरी पाठवा.

आपला,
राजापूर तालुक्यातील एक काजू बागायतदार