भिंतीवरची लॉरा

मैत्रिणींनो, लोणच्याच्या आणि विणकामाच्या पानांमध्ये ही खुनाची गोष्ट कुठून आली, असं तुम्ही म्हणाल. पण आज एका जुन्या अमेरिकन रहस्यपटाविषयी सांगायचं आहे, आणि तो तुम्ही सवड काढून पाहाच, असा आग्रहही करायचा आहे. नाव 'लॉरा', साल १९४४, दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर. लांबी अवघी ८८ मिनिटं. म्हणजे दुपारची झाकपाक झाल्यापासून मुलं शाळेतून येईपर्यंत आरामात संपतो. मात्र कुकर लावून बसू नका. एक वाक्य निसटलं तरी पुढचा धागा हाती लागत नाही.

असल्या चित्रपटांना 'फिल्म न्वार' म्हणतात. फ्रेंच भाषेत न्वार म्हणजे काळा. महायुद्ध संपल्यावर अडकून पडलेले अमेरिकन चित्रपट पॅरिसमध्ये एकदम आले, आणि १९४६ साली तिथल्या समीक्षकांनी हे नाव वापरायला सुरुवात केली. त्या पहिल्या घोळक्यात 'लॉरा'ही होता. मोठं शहर, रात्रीची वेळ, पाऊस, भिंतींवर लांबलांब सावल्या, आणि विश्वास कोणावर ठेवावा तेच कळत नाही. आपल्याकडचा गुरुदत्तनं काढलेला 'सी.आय.डी.' (१९५६) आठवा, म्हणजे अंदाज येईल. पण 'लॉरा'त अंधाऱ्या गल्ल्याबोळ फारसे नाहीत. इथला काळोख न्यूयॉर्कच्या झकपक दिवाणखान्यांत, उंची पडद्यांमागे आणि काचेच्या कपाटांमागे बसलेला आहे.

लॉरा हंट ही जाहिरातींच्या कंपनीत कष्टानं वर चढलेली तरुण बाई. स्वतःच्या कमाईवर स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी. एका शुक्रवारी रात्री तिच्या दाराची बेल वाजते आणि दार उघडणारीच्या तोंडावर कोणीतरी बंदूक झाडतं. सकाळी मोलकरीण बेसी कामाला येते तर प्रेत पडलेलं. चेहरा ओळखण्यासारखा उरलेलाच नाही.

मग येतो मार्क मॅकफर्सन नावाचा पोलीस अधिकारी, आणि एकेकाच्या तोंडून त्याला लॉरा कळू लागते. पहिला वाल्डो लायडेकर. हा बडा सदरलेखक. (आमच्यासारखा नव्हे हं! तो रेडिओवरही बोलतो आणि आंघोळीच्या टबात बसून टाइपरायटर बडवतो.) त्याचं म्हणणं, लॉराला मीच घडवलं. तिनं केस कसे ठेवावे, कपडे कुठले घालावे, कोणाशी ओळख ठेवावी, सगळं माझं. दुसरा शेल्बी कार्पेंटर, तिच्याशी लग्न ठरू घातलेला. तोंडात साखर, खिशात खडखडाट. तिसरी अ‍ॅन ट्रेडवेल, लॉराच्या नात्यातली पैसेवाली प्रौढ बाई, तिचा डोळा शेल्बीवर. जो तो आपापली लॉरा सांगतो. आणि शेकोटीच्या वर लावलेल्या मोठ्या तसबिरीतली लॉरा सगळ्यांकडे शांतपणे बघत असते.

तो मॅकफर्सनसुद्धा हळूहळू त्या तसबिरीत गुंततो. रात्री एकटाच तिच्या घरी येऊन बसतो. तिची पत्रं वाचतो, रोजनिशी वाचतो, कपाट उघडून कपडे पाहतो, अत्तराच्या बाटलीचा वास घेतो. पुष्कळांना हा प्रसंग फार हळवा वाटतो. मला मात्र पाहताना अंगावर काटा आला. आपलं कपाट कोणी परक्या पुरुषानं उघडलंय अशी कल्पना करा, मग तुम्हीच सांगा.

त्यापेक्षा मला बेसीचा प्रसंग कितीतरी मोलाचा वाटला. पोलीस यायच्या आधी तिनं झोपायच्या खोलीत पडलेली हलक्या दर्जाच्या दारूची बाटली पुसून इतर बाटल्यांत ठेवून दिली आणि ग्लास धुऊन टाकले. का? तर उद्या लोक आपल्या बाईंबद्दल वेडंवाकडं बोलतील म्हणून! पुरावा बुडाला ही गोष्ट वेगळी, कायद्यानं ते चूकच. पण बाई मेल्यावर तिच्या इज्जतीची काळजी करणारी त्या सगळ्या श्रीमंत गोतावळ्यात ही एकटीच निघाली.

आता अर्ध्यावरचं एक रहस्य मला फोडावंच लागणार आहे, त्याशिवाय पुढचं बोलता येत नाही. ज्यांना चालणार नाही त्यांनी पान बाजूला ठेवा आणि आधी चित्रपट पाहा.

मॅकफर्सनला त्या तसबिरीखाली खुर्चीत डुलकी लागते. दार उघडतं आणि पावसातून लॉरा आत येते. जिवंत! लग्नाचा विचार नीट करायचा म्हणून ती गावाबाहेरच्या आपल्या घरी जाऊन राहिली होती आणि तिथला रेडिओ बंद पडला होता. घरात परका माणूस पाहिल्यावर ती काय म्हणते? पोलिसांना बोलावते, म्हणते. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आणि इथून पुढं गंमत पाहा. मेलेली लॉरा सर्वांना सोयीची होती. आता ही चालतीबोलती बाई आली, तिला स्वतःचं मत आहे, कोणाशी लग्न करायचं आणि कोणाशी मोडायचं हे ती ठरवते, आणि सगळ्यांची पंचाईत होते. तो मॅकफर्सनसुद्धा तिच्यावर संशय घेतो, चौकीवर नेऊन डोळ्यांवर प्रखर दिवा धरून प्रश्न विचारतो. तसबिरीला कोणी कधी प्रश्न विचारला नव्हता. ती तसबीरही खरं म्हणजे रंगवलेली नाहीच. आधी एक खरंखुरं चित्र काढून घेतलं होतं, ते पसंत पडलं नाही. मग लॉराचं काम करणाऱ्या जीन टिअर्नीचा फोटो मोठा करून त्यावर रंगाचे हात फिरवले.

मूळ कादंबरी व्हेरा कॅस्परी या लेखिकेची, १९४३ सालची. जाहिरातींचा मजकूर लिहून पोट भरलेली ही बाई, तेव्हा लॉराचं जग तिला आतून माहीत. तिच्या पुस्तकात पात्रं आळीपाळीनं गोष्ट सांगतात आणि एक भाग लॉरा स्वतःच्या तोंडून सांगते. चित्रपटात सुरुवातीला आवाज येतो तो वाल्डोचा, लॉराला तसं निवेदन नाही. लॉराच्या स्वभावावरून लेखिकेचं आणि प्रेमिंजरचं चांगलंच वाजलं होतं, त्यात नवल नाही. तरी चित्रपट उत्तम झालाय हे कबूल करायला हवं. छायाचित्रणासाठी जोसेफ लाशेलला ऑस्कर मिळालं. डेव्हिड रॅक्सिनची एकच धून चित्रपटभर फिरत राहते, तीही दोन-तीन दिवस डोक्यातून जात नाही.

पण लॉरा जिवंत, तर मग मेली कोण?

डायन रेडफर्न. लॉराच्याच कंपनीसाठी जाहिरातीत फोटो देणारी मुलगी. लॉराच्या कपाटात सापडलेल्या एका परक्या ड्रेसवरून ते उलगडतं, दोघींचा बांधा सारखा. शेल्बीनं या मुलीलाही भुलवलं होतं. लॉरानं भेट दिलेली सिगारेटची डबी त्यानं हिच्या हाती दिली, आणि हिनं ती गहाण टाकली. मैत्रिणींनो, प्रेमानं मिळालेली वस्तू बाई लगेच गहाण कधी टाकते, हे तुम्हाला मी सांगायला नको. बिचारी दुसरीच्या घरी, दुसरीच्या झोपायच्या कपड्यात, दुसरीच्या नावावर मेली. आणि आपली लॉरा वाचली म्हणून लगेच पार्टी! शिवाय मेली ती डायन, हे त्या मंडळींतल्या एकाला पहिल्या रात्रीपासून ठाऊक होतं. तो गप्प बसला. कोण ते सांगत नाही.

त्या पार्टीतच अ‍ॅन तोंडाला पावडर लावता लावता लॉराशी फार खरं बोलते, तेही चुकवू नका. शेल्बी दुबळा आहे, मीही तशीच, म्हणून आमचं जमेल, असं ती सरळ सांगून टाकते.

खुनी कोण, हे तुम्हीच हुडका. घड्याळांकडे लक्ष ठेवा, एवढीच खूण देते. इंग्रजी भराभर बोलतात, तेव्हा खाली अक्षरं येण्याची सोय असेल तर ती लावून घ्या. आणि पाहून झाल्यावर मला जरूर कळवा, डायनसाठी कोणी दोन अश्रू ढाळलेले तुम्हाला दिसले का. मला तरी हळहळीचा एखादा शब्द शोधत बसावं लागलं.